शिल्पी आणि सूत्रधार

शाळेतील वक्तृत्वस्पर्धांत 'बुद्धी श्रेष्ठ की परिश्रम श्रेष्ठ' हा विषय पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. दोन्ही बाजूंचे वक्ते हिरिरीने बोलतात, टाळ्या पडतात, आणि अखेरीस अध्यक्षमहाशय 'दोन्ही हवेत' असा निर्वाळा देऊन सभा आटोपती घेतात. हाच वाद आज एका नव्या क्षेत्रात निराळ्या रूपाने उभा राहिला आहे. ते क्षेत्र म्हणजे संगणकाची आज्ञावली, अर्थात सॉफ्टवेअर, तयार करण्याचे. तेथे प्रश्न असा असतो की, तंत्रात असामान्य गती असलेला कारागीर अधिक मोलाचा, की अनेकांच्या कामाची सुसूत्र मांडणी करणारा व्यवस्थापक अधिक मोलाचा? 'दोन्ही हवेत' हे उत्तर येथेही देता येईल. परंतु तेवढ्याने कोणाच्याच ज्ञानात भर पडत नाही. कोणते गुण केव्हा हवेत, एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते काय, आणि उणीव राहिलीच तर नेमके काय बिघडते, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

हा विषय केवळ वादापुरता नाही. गणितात पहिल्या क्रमांकाने न येणारा मुलगा किंवा मुलगी 'संगणकाचे क्षेत्र आपल्यासाठी नव्हे' असे मनाशी ठरवून टाकते, आणि पुष्कळदा घरची वडील मंडळीही त्याला दुजोरा देतात. उलटपक्षी, जो वर्गात सर्वांत हुशार, त्याला वाटते की आपली हुशारी पुरेशी आहे. वहीची टापटीप, नोंदी, वेळेचा हिशेब या गोष्टी सामान्यांसाठी आहेत. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, असे आमचे मत आहे, आणि ते का, हे येथे सांगावयाचे आहे.

आज्ञावलीचे काम डोळ्यांना दिसत नाही; म्हणून डोळ्यांना दिसणारा दाखला घेऊ. धार, देवास, इंदूर या भागांतील मराठी कुटुंबांना पावसाळ्यातील सहलीचे ठिकाण म्हणून मांडवगड परिचित आहे. धारपासून सुमारे ३५ किलोमीटरांवर, विंध्याच्या एका सुट्या पठारावर, खोल दरीने मुख्य भूमीपासून वेगळे झालेले हे प्राचीन नगर आहे. त्याच्या भोवती सुमारे ३७ किलोमीटर लांबीचा तट आणि १२ दरवाजे आहेत. येथील इमारतींत प्रतिभाही दिसते, व्यवस्थाही दिसते, आणि या दोहोंपैकी एकीची साथ सुटली म्हणजे काय होते, तेही दिसते.

मांडवगडाचा पहिला प्रश्न पाण्याचा होता. पठारावर नदी नाही. दिलावरखान घोरीने १४०१ च्या सुमारास माळव्यात स्वतंत्र सत्ता स्थापिली आणि त्याचा पुत्र होशंगशहा याने राजधानी धारहून मांडवगडास हलविली. आता एवढी राजधानी वसवायची, तर चार महिन्यांचा पाऊस बाराही महिने पुरविणे भाग होते. म्हणून येथे तलाव खोदले गेले, विहिरी बांधल्या गेल्या, इमारतींच्या गच्च्यांवरून पाणी उतरवून ते साठविण्याची योजना झाली. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध, शंभर मीटरांहून अधिक लांबीचा जहाजमहाल उभा आहे. त्याच्यावर पाण्याच्या पन्हळी नागमोडी वळणांनी कोरलेल्या आहेत. त्या केवळ शोभेसाठी नाहीत. सरळ उतारावरून पाणी धावत सुटते. वळणावळणाने गेले की त्याचा वेग मंदावतो आणि त्यातील गाळ खाली बसतो. रूपमतीच्या मंडपातही पावसाचे पाणी खालच्या टाक्यात साठविण्याची सोय आहे, आणि रेवाकुंडातील पाणी उंचावरील नळीने बाजबहादुराच्या महालाकडे नेण्याची योजना होती.

ही नागमोडी पन्हळ ज्याला सुचली तो प्रतिभावंत खराच. परंतु क्षणभर विचार करा. पन्हळ कोरणारा एक, टाके बांधणारा दुसरा, गच्चीला उतार देणारा तिसरा. पन्हळीचे तोंड टाक्याच्या काठापेक्षा चार बोटे खाली आले, तर तिघांचेही काम निर्दोष असून टाके कोरडे राहील. कोणी कोणत्या पातळीवर थांबावयाचे हे आधी ठरले पाहिजे, ते सर्वांना ठाऊक असले पाहिजे, आणि काम चालू असता कोणी तरी दोरी धरून ते तपासले पाहिजे. अशा माणसासाठी आपल्या भाषेत एक सुंदर शब्द आहे : सूत्रधार. मराठी रसिकांना तो संगीत नाटकाच्या आरंभी रंगमंचावर येणारा गृहस्थ म्हणून ठाऊक आहे; पण सूत्र म्हणजे दोरी, आणि शिल्पशास्त्रात सूत्रधार म्हणजे मापाची दोरी धरणारा मुख्य स्थपती. धारच्या भोज राजाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या वास्तुशास्त्रावरील ग्रंथाचे नावच 'समरांगणसूत्रधार' असे आहे, आणि त्यात यंत्रांवरही एक अध्याय आहे. आमच्या लेखाचा विषय याच शब्दात सामावलेला आहे.

आता संगणकाकडे वळू. संगणक स्वतः होऊन काही ठरवीत नाही. त्याला एकामागून एक अशा सूक्ष्म आज्ञा द्याव्या लागतात. त्या आज्ञांची मालिका म्हणजे आज्ञावली. एका वर्गाचे निकालपत्रक तयार करावयाचे असेल, तर गुण भरून घेणे, बेरीज करणे, टक्केवारी काढणे, क्रमांक लावणे आणि पत्रक छापणे एवढ्या आज्ञा पुरतात. असे काम एखादा चलाख विद्यार्थी एका दुपारी करील. परंतु रेल्वेचे आरक्षण, बँकेचे व्यवहार किंवा विमानाचे नियंत्रण यांच्या आज्ञावल्या लाखो ओळींच्या असतात. त्या शेकडो माणसे मिळून लिहितात, वर्षानुवर्षे दुरुस्त करतात, आणि मूळ लिहिणारे निघून गेल्यावर नवी माणसे त्या पुढे चालवितात. येथे एका भागातून निघालेली माहिती दुसऱ्या भागात जाते, जशी पन्हळीतून टाक्यात. म्हणून येथेही खरा धोका भागांपेक्षा सांध्यांत अधिक असतो.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' या यानाचे आहे. हे यान मंगळाचे हवामान अभ्यासण्यासाठी डिसेंबर १९९८ मध्ये निघाले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताच नाहीसे झाले. चौकशीत आढळले ते असे : एका गटाची आज्ञावली यानाला दिलेल्या धक्क्याचे माप पौंडांच्या पद्धतीने देत होती, आणि ते माप घेणारी दुसरी आज्ञावली ते न्यूटनच्या पद्धतीचे आहे असे समजत होती. एक पौंड-बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. त्यामुळे मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जावयाचे यान सुमारे ५७ किलोमीटर उंचीवर उतरले आणि हाती लागले नाही. दोन्हीकडे निष्णात माणसे होती. शाळेत भौतिकशास्त्राचे शिक्षक 'उत्तराखाली एकक लिहा' म्हणून ओरडतात, तेवढीच गोष्ट येथे सांध्यावर कोणी तपासली नव्हती.

मोठ्या आज्ञावल्या वेळेवर व निर्दोष का होत नाहीत, हा प्रश्न जगाला १९६० नंतरच्या दशकात भेडसावू लागला. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे या विषयाची एक परिषद भरली आणि 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' हा शब्दप्रयोग तेथून सर्वत्र रूढ झाला. पूल बांधण्याला जसे शास्त्र असते, तसे आज्ञावलीलाही असले पाहिजे, हा त्यामागील विचार. त्याच सुमारास फ्रेडरिक ब्रुक्स हे आय.बी.एम. कंपनीच्या एका अतिशय मोठ्या आज्ञावलीचे प्रमुख होते. त्या अनुभवावर त्यांनी १९७५ मध्ये एक ग्रंथ लिहिला. त्यातील एक सिद्धांत प्रथमदर्शनी विपरीत वाटतो : उशीर झालेल्या आज्ञावलीच्या कामावर आणखी माणसे लावली, तर तिला आणखी उशीर होतो.

असे का व्हावे? वर्गातील गणितानेच हे समजते. पाच माणसांत प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलावयाचे, तर १० जोड्या होतात. दहा माणसांत ४५ होतात. पन्नास माणसांत १,२२५ होतात. माणसे दसपट झाली, पण समजूत घालण्याचे काम सव्वाशे पटींच्या घरात गेले. शिवाय नव्या माणसाला काम समजावून देण्यास जुन्यालाच आपले काम सोडून बसावे लागते. खड्डा खणावयाचा असेल तर दहा मजूर एका मजुरापेक्षा लवकर खणतील. पण दहा जणांनी मिळून एक निबंध लिहावयाचा म्हटला, तर काय होईल, हे विद्यार्थ्यांना सांगणे नलगे. यावर उपाय एकच. कामाचे असे विभाग पाडावयाचे की प्रत्येकाला सर्वांशी बोलावे लागू नये, आणि जेथे दोन विभाग मिळतात तेथील करार लेखी असावा. हे विभाग पाडणे म्हणजेच सूत्रधाराची विद्या.

पुन्हा मांडवगडास जाऊ. जामी मशिदीसमोर अशर्फीमहालाचे अवशेष आहेत. मुळात ही विद्यालयाची इमारत होती. पुढे सुलतान महमूद खिलजी याने विद्यालयाच्या मधल्या अंगणात भर घालून त्या जोत्यावर स्वतःची भव्य कबर उभारण्याचे ठरविले. मांडवगडातील सर्वांत मोठी वास्तू तीच व्हावी, असा त्याचा मानस होता. शेजारीच मेवाडच्या राणा कुंभावरील विजयाचे स्मारक म्हणून त्याने सात मजली मनोरा बांधविला. आज कबरीचे जोते उरले आहे आणि मनोऱ्याचा तळचा भाग. बांधकाम घाईचे आणि सदोष झाल्यामुळे या वास्तू ढासळल्या, असे जाणकार सांगतात. गंमत अशी की, राणा कुंभाचाही दावा होता की विजय आपलाच. त्याने चितोडला उभारलेला नऊ मजली विजयस्तंभ मात्र अद्याप ताठ उभा आहे.

महमूदापाशी कुशल कारागीर नव्हते असे मात्र म्हणता येत नाही. कारण अशर्फीमहालासमोरच्या जामी मशिदीचे काम होशंगशहाने आरंभिले आणि ते १४५४ मध्ये पुरे केले ते याच महमूदाने. होशंगशहाची संगमरवरी कबर हिचेही तसेच; होशंग वारल्यानंतर ती सुमारे १४४० मध्ये महमूदाच्या काळात पूर्ण झाली. या दोन्ही वास्तू आज अभंग आहेत. तेच राज्य, तोच दगड, त्याच पिढीचे हात; फळ मात्र दोन तऱ्हांचे. आधीच्याने मांडलेले काम नंतरच्याने समजून घेऊन पुढे नेले, तेथे ते टिकले. एका कामासाठी बांधलेल्या वास्तूवर दुसऱ्याच कामाचे ओझे घाईने लादले, तेथे ते कोसळले. आज्ञावलीच्या धंद्यातील माणसांना हे दृश्य अगदी ओळखीचे वाटेल. शंभर माणसांसाठी लिहिलेल्या आज्ञावलीवर लाख माणसांचे ओझे टाकण्याचा, आणि 'तारीख जाहीर झाली आहे' म्हणून पाया न तपासता मजले चढविण्याचा मोह तेथे नित्य होतो.

व्यवस्थेचा दुसरा कस संकटाच्या वेळी लागतो. १६१७ मध्ये बादशहा जहांगीर मांडवगडास आला आणि काही महिने राहिला. त्याच्या येण्यापूर्वी जुन्या महालांची दुरुस्ती झाली होती. परंतु त्याच्याबरोबर जी प्रचंड छावणी आली, तिच्या पाण्याचा विचार तितक्या काळजीने झालेला नव्हता. त्या वेळी दरबारी असलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याने आपल्या रोजनिशीत पाण्याच्या टंचाईचे वर्णन करून ठेवले आहे. बड्या सरदारांनी विहिरी आपल्या ताब्यात घेतल्या आणि गोरगरिबांचे हाल झाले. ज्या नगराची जलयोजना आपण आज वाखाणतो, त्याच नगरात ही स्थिती व्हावी! तलाव बांधणाऱ्यांची कला कमी पडली नव्हती. किती माणसे आली, पाणी किती आहे, आणि अपुरे पडले तर आधी कोणाला द्यावयाचे, हे ठरविणारे कोणी नव्हते. मग ज्याच्या हाती बळ, त्याच्या हाती विहीर, असा न्याय झाला.

याच्या अगदी उलट एक प्रसंग २० जुलै १९६९ रोजी चंद्राच्या आकाशात घडला. अपोलो ११ चे यान उतरत असता त्याचा संगणक पेलण्यापलीकडच्या कामाने भारावून गेला आणि धोक्याची सूचना देऊ लागला. त्या काळचा तो संगणक आजच्या खिशातील फोनपेक्षाही कितीतरी दुबळा होता. तथापि त्याची आज्ञावली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत फार विचारपूर्वक रचली गेली होती. मार्गारेट हॅमिल्टन या विदुषी तेथील उड्डाण-सॉफ्टवेअर गटाच्या प्रमुख होत्या. कोणते काम प्राणाचे आणि कोणते दुय्यम, याची प्रतवारी त्या आज्ञावलीत आधीच करून ठेवली होती. भार वाढताच संगणकाने दुय्यम कामे बाजूला टाकली, उतरण्याचे काम चालू ठेवले, आणि यान सुखरूप उतरले. पाणी कमी पडले तर पहिला हंडा कोणाचा, हे जसे टंचाईपूर्वी ठरवावे लागते, तसेच हे झाले.

पाण्याचाच आणखी एक दाखला देवासचा आहे. पवार घराण्यातील तुकोजीराव व जिवाजीराव या बंधूंच्या वंशजांची तेथे दोन संस्थाने होती. एकाला थोरली पाती व दुसऱ्याला धाकटी पाती म्हणत. राज्ये दोन, पण राजधानीचे गाव एकच! मुख्य रस्त्याची एक बाजू एका संस्थानाची, तर दुसरी बाजू दुसऱ्याची. आणि जुन्या वर्णनांत असे नमूद आहे की, पाणीपुरवठा व दिवाबत्ती यांची व्यवस्था दोन्ही बाजूंस निरनिराळी होती. १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. नळ टाकणारा कारागीर कितीही हुशार असो, कारभार दोन असले की एका रस्त्याला नळही दोनच पडावयाचे. मेल्विन कॉन्वे नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्ये हेच तत्त्व आज्ञावलीविषयी मांडले : जी संस्था आज्ञावली रचते, तिच्या माणसांचे परस्परांशी जसे दळणवळण असते, तशीच त्या आज्ञावलीची ठेवण होते. ज्या दोन गटांत बोलणे नाही, त्यांनी केलेल्या दोन भागांतही मेळ नसतो. यास्तव आज्ञावली सुधारावयाची, तर पुष्कळदा आधी माणसांची मांडणी सुधारावी लागते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की आम्ही प्रतिभेला गौण ठरविले. तसा आमचा हेतू नाही. दोरी कितीही नेटकी धरली, तरी तिच्यातून होशंगशहाच्या कबरीचा तो शांत, शुभ्र घुमट निघत नाही. तो आधी कोणाच्या तरी मनात उमलावा लागतो. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना एक गणिती रीत शोधून काढली. मर्यादित साधने अनेक कामांत कशी वाटावी म्हणजे सर्वाधिक लाभ होईल, अशा प्रकारचे प्रश्न सोडविण्याची ती रीत जगभर 'करमरकर-रीती' म्हणून अभ्यासली जाते. शंभर सामान्य माणसांची उत्कृष्ट बैठकव्यवस्था करून ती रीत सापडली नसती. असे शोध एकट्या मस्तकातच लागतात. जेथे प्रश्न नवा आहे आणि उत्तराची वाट कोणालाच ठाऊक नाही, तेथे प्रतिभेला पर्याय नाही. जेथे वाट ठाऊक आहे पण ती लांब आहे आणि चालणारे पुष्कळ आहेत, तेथे व्यवस्थेला पर्याय नाही.

दोहोंचा संगम पाहावयाचा असेल, तर तो पुण्यात झालेला आहे. १९८० नंतरच्या दशकात भारताला हवे तसे महासंगणक परदेशाहून मिळेनात. अमेरिकेने दिला तोही हवामानाच्या कामापुरता. तेव्हा १९८८ मध्ये 'प्रगत संगणन विकास केंद्र', अर्थात सी-डॅक, ही संस्था पुण्यात स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्याकडे तिची धुरा आली. एकच अत्यंत वेगवान प्रक्रियक बनविण्याऐवजी, बाजारात मिळणारे पुष्कळ साधे प्रक्रियक एकत्र जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करवून घ्यावयाचे, हा मार्ग त्यांनी पत्करला. १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. येथे एक मौज आहे. प्रक्रियक साधेच, परंतु मोठे गणित त्यांच्यात कसे वाटून द्यावयाचे, कोणी कोणासाठी थांबावयाचे, उत्तरे कोठे गोळा करावयाची, हे ठरविणारी आज्ञावली उत्तम हवी. माणसांच्या गटाला जो नियम, तोच यंत्रांच्या गटालाही लागू पडला. आणि तो ओळखण्यास प्रतिभा लागली.

आता विद्यार्थिमित्रांनी विचारावे की, ही सूत्रधाराची विद्या म्हणजे प्रत्यक्षात काय करावयाचे? ती काही गूढ नाही. पहिली गोष्ट, कामाचे असे तुकडे पाडणे की प्रत्येक तुकडा एकाच्या आवाक्यात राहील. दुसरी, सांध्यावरचा करार लिहून ठेवणे : मी तुला काय देणार, कोणत्या मापात, कोणत्या दिवशी. तिसरी, बदलाची नोंद ठेवणे. आज्ञावली लिहिणारे लोक प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि का केला, याची चोपडी संगणकातच ठेवतात. बिघाड झाला की मागची पाने उलटून नेमकी जागा सापडते. वाण्याच्या दुकानातील रोजकीर्द हीच गोष्ट करीत असते. चौथी, आपले काम दुसऱ्याकडून तपासून घेणे. स्वतःच्या निबंधातील चुका स्वतःला दिसत नाहीत, हा सर्वांचा अनुभव आहे. आणि पाचवी, सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे आपण नसताना काम चालेल अशा रीतीने ते मागे ठेवणे. स्नेहसंमेलनासाठी कोणाच्या घरून कोणती सतरंजी, कोणती समई, कोणते पातेले आणले, याची यादी करणारी मुलगी आजारी पडली तरी वस्तू ज्याच्या त्याला परत जातात, कारण यादी वहीत आहे. तिला टाळ्या मिळत नाहीत. पण तिच्यापाशी जे आहे, तेच मोठ्या आज्ञावलीच्या कामात मोलाने शोधले जाते.

यावरून केवळ याद्या करता आल्या की पुरे, असेही कोणी समजू नये. ज्याला भिंत ओळंब्यात आहे की नाही हे कळत नाही, त्याच्या हाती दोरी देऊन काय उपयोग? ब्रुक्स, हॅमिल्टन, भटकर हे सर्व आधी स्वतः उत्तम तंत्रज्ञ होते, म्हणूनच इतरांच्या कामाची मांडणी त्यांना साधली. व्यवस्थेची आवड असणाऱ्याने तंत्र शिकण्याचे कष्ट टाळू नयेत, आणि तंत्रात चमकणाऱ्याने आपले काम वर्गातील सर्वांत मंद मित्रालाही वाचता येईल असे लिहिण्याचा सराव करावा. पहिल्याला कष्ट बुद्धीचे पडतील, दुसऱ्याला स्वभावाचे. आणि आमच्या मते दुसऱ्याचे अधिक कठीण आहेत.

मांडवगडी होशंगशहाच्या कबरीच्या दारावर एक छोटा लेख आहे. १६५९ मध्ये शहाजहान बादशहाचे चार स्थापत्यविशारद तेथे दर्शनास आले आणि आपली नावे कोरून गेले : लुत्फुल्ला, ख्वाजा जादुराय, उस्ताद शिवराम आणि उस्ताद हमीद. ताजमहाल बांधण्यापूर्वी नमुना पाहण्यास हे आले होते, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण ताजमहाल त्या वर्षापूर्वीच पुरा झाला होता, तेव्हा ती समजूत टिकत नाही. काम पदरी असलेली चार माणसे, दोनशेहून अधिक वर्षे आधी होऊन गेलेल्या कारागिरांचे काम पाहावयास आली होती, एवढेच त्यातून निश्चित कळते. आपल्या नावांत त्यांनी धाकटेमोठेपणाची भांडणे लावली नाहीत. चौघांनी मिळून एकच लेख कोरला. पुढच्या पावसाळ्यात सहल मांडवगडास गेली, तर जहाजमहालाच्या गच्चीवर पन्हळ कोठे संपते आणि टाके कोठे सुरू होते, ती जागा आवर्जून पाहावी, आणि त्यानंतर अशर्फीमहालाच्या पायऱ्या चढून तेथे काय उरले आहे, तेही पाहून यावे.